तळ्याचा कागद

डहाणूच्या एका डॉक्टरने मला फसवलं. व्यवहार पैशाचा नव्हता. त्याला माझ्या मुलीच्या पाठीच्या कण्यातलं पाणी हवं होतं आणि मला त्याच्याकडून एक कागद हवा होता. मी मुलगी पुढे केली. त्याने कागद दिला, पण ठरला होता तो दिला नाही. मी तो न वाचता घेतला, कारण मला वाचता येत नव्हतं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव आलं की लोक नावावर बोलत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो. त्याचा दवाखाना खासगी होता, आता ते घरही उभं नाही.

मी बांबूचा धंदा करायची. नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. पायात गंजका खिळा घुसून धनुर्वाताने गेला, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. सासरची शेती कैनाड आणि सायवनच्या मधल्या एका पाड्यावर, भात आणि नागलीपुरती. त्यावर दोन पोटं भरली नसती. म्हणून मी उधव्याच्या बाजूला जायची, डोंगरातला बांबू गाडीने आणायची आणि तलासरीच्या बाजारात, नाहीतर घोलवडच्या बागवाल्यांना विकायची. मराठी बोलायची, गुजराती बोलायची, आणि वेळ पडली तर दोन्हीत भांडायची. बागवाले म्हणायचे, "ही बाई बांबू विकत नाही, अंगावर घालते." म्हणू देत. माझा बांबू चार पावसाळे उभा राहायचा, बाकीच्यांचा दुसऱ्याच वर्षी भुंगा पोखरून पीठ करायचा.

त्याचं कारण आमचं तळं. आमच्याकडे बांबू तोडला की पाण्यात मुरवायची रीत आहे. पाड्याखाली ओहोळाला मातीचा बांध घालून जुन्या माणसांनी तळं केलं होतं. भारे बांधून त्यात बुडवायचे, वर धोंडे ठेवायचे आणि महिनाभर तसेच ठेवायचे. पाण्याने बांबूतला गोडवा निघून जातो, मग भुंगा फिरकत नाही. महिना झाला की धोंडे काढायचे आणि भारे आपोआप वर येतात. धोंडे काढणं हा पोरांचा मान होता. बुडी मारायची, तळाचा गाळ ढवळत धोंडा शोधायचा, छातीशी धरून वर आणायचा. जो जास्त धोंडे काढेल त्याला मी गूळ आणि चणे द्यायची. पोरं भारा वर यायच्या आधीच ओरडायची, "आला, आला!" आणि तो मगरीसारखा एकदम वर यायचा.

मुंबई राज्याचे दोन तुकडे व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. चैत्रातच तळं निम्म्यावर आलेलं. वरचं पाणी अंघोळीला तापवल्यासारखं असायचं. माझी मुलगी नऊ वर्षांची, बुडी मारण्यात सगळ्यांत पुढे. त्या दिवशी तिने सात धोंडे काढले. सातव्याच्या वेळी ती खाली असताना कुणाचा तरी पाय तिच्या डोक्याला लागला आणि तिच्या नाकात पाणी गेलं. खोकत, शिंकत, हसत वर आली. मी तिला जास्तीचा गूळ दिला.

बांबू माझे होते, हे मी लपवत नाही.

पाचव्या दिवशी मी चुलीवर सुकट भाजत होते. ती जवळ बसून म्हणाली, "आई, आज सुकटीला वासच नाही."

सुकटीला वास नाही! शेजारच्या घरात माणूस शिंकेल असा वास सुटला होता. मी म्हटलं, "नाक चोंदलंय तुझं."

"चोंदलं नाही. बाहेरच्या मोहाचाही येत नाही."

संध्याकाळपर्यंत तिने कपाळ दाबून धरलं. सकाळी ताप चढला, उलट्या झाल्या. मी तिला उठवून बसवायला गेले तर मान वाकेना. लाकडासारखी ताठ. सासू म्हणाली भगताला बोलवू. मी म्हटलं, बोलवा, तो येईपर्यंत मी डहाणूत असेन. शेजाऱ्याने बैल जुंपले. तो चांगला माणूस, पण तोंडाचा फटकळ. वाटेत म्हणाला, "एवढ्याशा तापाला डहाणू? पैसा बोलतोय वहिनी तुमचा." मी म्हटलं, "बैल हाका."

डॉक्टर तरुण होता, मुंबईहून येऊन दोनच वर्षं झालेली. चष्मा, इस्त्रीचा सदरा, आणि टेबलावर कापडाने झाकलेला मायक्रोस्कोप, ज्याचा त्याला फार अभिमान. त्याने मुलीची मान पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "ही पोहते का?"

मी सांगितलं.

"नाकात पाणी गेलं होतं?"

मी सांगितलं. तो कंपाउंडरकडे वळला, "गेल्या वर्षीचा तो मुलगा आठवतो? तोही तळ्यात पोहणाराच." कंपाउंडर गुजराती, वयस्कर माणूस. त्याने मान हलवली. त्या मुलाचं काय झालं हे मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावरून कळलं.

डॉक्टर म्हणाला, "बाई, पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढून तपासावं लागेल. घरातलं पुरुषमाणूस कोण आहे?"

"मीच."

"म्हणजे परवानगी द्यायला."

"मीच म्हटलं ना."

तेव्हा सगळीकडे समज होता की पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं होतं. माझाही होता. तरी मी त्याला विचारलं, "वाचेल का?"

"खात्री देता येत नाही. खरं सांगायचं तर आशा कमी आहे."

"मग पाणी कशाला काढायचं?"

"हे काय आहे ते कळेल."

म्हणजे गरज त्यालाही होती. मी हे जन्मभर केलेलं आहे. समोरच्याला माल हवा असला की त्याचे डोळे टेबलावरून मालाकडे जातात. त्याचे डोळे मायक्रोस्कोपकडे गेले होते.

मी म्हटलं, "काढा. पण माझी एक अट आहे. ही जगो नाहीतर मरो, पाण्यात जे दिसेल ते तुम्ही कागदावर लिहून, सही-शिक्का मारून मला द्यायचं. आमच्या तळ्याचं नाव घालून."

"कागद कशाला?"

"माझे अजून अकरा भारे तळ्यात आहेत. आज, आत्ता, पाड्यावरची पोरं धोंडे काढायला उतरली असतील. मी जाऊन ओरडले तर हसतील. डॉक्टरचा कागद असेल तर ऐकतील."

त्याने कंपाउंडरला सुई उकळायला सांगितली. मग म्हणाला, "देतो."

"शब्द?"

"शब्द."

मुलीला कुशीवर वळवून तिचे गुडघे पोटाशी धरायचं काम मी केलं. सुई गेली तेव्हा ती ओरडली नाही, हे मला जास्त लागलं. नळीत जे पाणी आलं ते तांदूळ धुतल्यासारखं गढूळ होतं.

ते काचेवर घेऊन त्याने डोळा लावला आणि बाजूची चकती फिरवत राहिला. मग एकदम, "हलतंय! अहो, इकडे या, हलतंय!" कंपाउंडरने पाहिलं. त्याने पुन्हा पाहिलं. आनंद झालेल्या पोरासारखा तो टेबलाभोवती फिरला. मी म्हटलं, "मला दाखवा." का कोण जाणे, त्याने दाखवलं. "एक डोळा मिटा," म्हणाला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग राखाडी ठिपके. त्यांतले बरेचसे गप्प होते. एक मात्र हळूहळू सरकत होता. गोगलगाय अंग पुढे टाकते आणि मग उरलेली मागून येते, तसा. माझ्या मुलीच्या पाठीतून आलेल्या पाण्यात.

त्यानंतर त्याने काय काय सुया दिल्या ते मला माहीत नाही. चार प्रकारच्या होत्या. त्यांतल्या एका सुईच्या औषधाची छोटी काचेची कुपी रिकामी झाल्यावर मी उशाशी ठेवून दिली. बरी झाली तर खेळायला होईल म्हणून.

सात दिवस ती बेशुद्ध होती. आठव्या दिवशी कंपाउंडर शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला बोंबलाचं कालवण भरवत होता. मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "बोंबील." मी रडले नाही. मी कंपाउंडरला म्हटलं, "तिला पण द्या." डॉक्टर ओरडला, पण मी दोन बोटं कालवणाची तिच्या ओठाला लावलीच.

डावा कान गेला. बाकी मुलगी पूर्ण परत आली. निघताना डॉक्टरने मला कागद दिला. इंग्रजीत लिहिलेला, खाली सही, शिक्का. मी तो चोळीत ठेवला. मी, जी एकेक बांबू बोटाने वाजवून घ्यायची, गाठ मोजायची, बुंध्याला कान लावायची, ती कागद घडी करून चोळीत ठेवून निघाले.

पाड्यावर आमच्या शाळेचे मास्तर होते. डहाणूत घर असलेले, पगारी माणूस, इंग्रजी येणारे. मी तळ्याच्या काठावर सगळ्यांना गोळा केलं आणि मास्तरांना म्हटलं, "वाचा."

मास्तरांनी आधी मनात वाचलं. मग म्हणाले, "बाई, घरात जाऊन वाचू या."

"इथे वाचा."

"मेंदूच्या आवरणाला सूज. पू. कारण कळलं नाही. उपचाराने बरी झाली."

"आणि तळं?"

"तळ्याबद्दल काही नाही."

"हलत होतं ते?"

"कोण हलत होतं?"

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. शेजाऱ्याने बैलाची दोरी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "वहिनी, बांबू तुमचे, पोरगी तुमची, ताप तुमचा, आणि तळं बंद आमचं?" त्यावर आणखी हसले. तेवढ्यात त्याच्याच धाकटीने पाण्यात उडी मारली.

मी दुसऱ्या दिवशी डहाणूला गेले. दवाखान्यात रोगी बसले होते, त्यांच्यासमोर बोलले.

"कागद खोटा दिलात."

"खोटं एक अक्षर नाही त्यात."

"हललेलं कुठे आहे?"

त्याने मला आत नेलं. तिथे आवाज खाली करून म्हणाला, "बाई, समजून घ्या. असं मेंदूत होतं, पाण्यातून होतं, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी लिहिलं तर मुंबईचे माझे सर म्हणतील, डहाणूची हवा याच्या डोक्यात गेली."

"तुमच्या सरांनी पाहिलं का? तुम्ही पाहिलं. कंपाउंडरने पाहिलं. मी पाहिलं."

तो म्हणाला, "तुम्ही पाहून काय उपयोग?"

हे वाक्य त्याने रागाने म्हटलं नाही. समजावणीच्या आवाजात म्हटलं. म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

मी बाहेर आले. कंपाउंडर पायरीपर्यंत आला. मी पिशवीतून ती रिकामी कुपी काढली आणि विचारलं, "ही कसली?"

त्याने उजेडात धरली. "बेन, आ तो मरडानी. आवेच्या रोग्याला देतात ती."

"माझ्या मुलीला आव झाली होती?"

त्याने कुपी मला परत दिली. मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "आवेत पण असाच जीव असतो. सरकतो."

हिशेब सरळ आहे. डॉक्टरने काही पाहिलंच नव्हतं, तर पोट ठणठणीत असलेल्या मुलीला आवेची सुई का टोचली? आणि पाहिलं होतं, तर लिहिलं का नाही? त्याने माझ्या मुलीच्या अंगावर खरं लिहिलं आणि कागदावर दुसरं. कुपी मी रुमालात बांधून ठेवली.

त्या पावसाळ्यात मी मुलीच्या पाटीवर अक्षरं शिकले. ती उजवा कान माझ्याकडे करून पाटी धरून बसायची, मी अक्षर म्हटलं की बरोबर की चूक सांगायची. फार छडी मारायची.

बांबू मी तळ्यातून काढले, माझ्या हाताने आणि गळाने. पोरांना उतरू दिलं नाही. काठाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दोन दिवसांत ते लोकांनी ओढून चुलीत घातलं. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांची गुरं तिथे पाणी प्यायची. त्यांच्याजवळ कारण नव्हतं, ते कारण डॉक्टरच्या टेबलात होतं. बिनमुरवलेला बांबू विकल्याने माझी गिऱ्हाइकं तुटली. तुटू दे.

दोन उन्हाळ्यांनी, चैत्रातच, शेजारी माझ्या दारात आला. बैल न सोडताच आला होता. म्हणाला, "धाकटीला मोहाचा वास येत नाही म्हणते."

एवढंच म्हणाला. मी ओसरीवरून उठले ती थेट गाडीत बसले.

तोच दवाखाना, तोच डॉक्टर. मी रुमाल सोडला आणि कुपी त्याच्या टेबलावर ठेवली. "हीच द्या. आत्ता. पाठीतलं पाणी नंतर बघा." त्याने कुपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठला. त्या वेळी मला त्याला पुरतं धरता आलं असतं. आधी कागद, मग पुढचं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. दुसऱ्याच्या लेकरावर सौदा कसा करायचा?

धाकटी वाचली. उजवा पाय ओढत चालते, बोलताना शब्द शोधते, पण वाचली. तिची आज नातवंडं आहेत. या वेळी डॉक्टर स्वतःहून म्हणाला, "मी मुंबईला लिहितो." मी विचारलं, "कधी?" म्हणाला, "या आठवड्यात." ते पत्र गेल्याचं मी कधी ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात सायवनच्या बाजूचा एक पोरगा गेला. तो मामाकडे आला होता, आमच्याच तळ्यात पोहला होता आणि घरी परतल्यावर आजारी पडला. त्याच्या आईला मी माहीत नव्हते. कुपी माहीत नव्हती. कपाळ दुखतं म्हणून त्यांनी चार दिवस लेप लावला. ती बाई नंतर आमच्या पाड्यावर आली आणि तळ्याच्या काठाशी बसून राहिली. कुणी तिला उठवलं नाही.

ती गेल्यावर मी कुदळ घेतली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधावर चढले. हो, बांध मीच फोडला. माती उन्हाने दगड झालेली. माझ्या एकटीने संध्याकाळ झाली असती. थोड्या वेळाने बांधाच्या दुसऱ्या टोकाला कुदळीचा आवाज आला. शेजारी होता. तो त्या टोकाने खणत आला, मी या टोकाने. पाणी आधी धारेने गेलं, मग एकदम. तळाला गाळात धोंडे दिसले, माझ्या भाऱ्यांवरचे, रांगेत.

पंच बसले. मला उभं केलं.

"बांध तू फोडलास?"

"फोडला."

"गावाचं पाणी होतं."

"होतं. गुरांना माझ्या विहिरीवर आणा. मी त्यांना प्यायला डोण बांधते."

"तळ्याने पोरगा मेला हे कशावरून?"

मी म्हटलं, "डहाणूत एक माणूस आहे, त्याला विचारा. त्याला माहीत आहे."

त्याला विचारायला कुणी गेलं नाही. माझ्याकडून डोण बांधून घेतली, आणि दोन वर्षं पाड्यावरच्या कुणी मला गाडी दिली नाही. शेजारी सोडून. त्याची गाडी मोकळी नसेल तेव्हा मी उधव्याहून बांबू डोक्यावर आणले. डोण अजून आहे. गुरं तिच्यात पाणी पितात.

आता माझ्या नातीला डॉक्टरी शिकवणाऱ्या एका तरुण डॉक्टरणीने मला सगळं नीट सांगितलं. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात एक जीव असतो, तो नाकातून मेंदूत जातो, पिण्याने काही होत नाही, आणि यातून वाचणारं मूल फार दुर्मीळ. तिने माझ्या मुलीचा कान तपासला आणि विचारलं, "यांची नोंद कुठे आहे?" मी तिला घडी केलेला कागद दाखवला. कारण कळलं नाही. ती म्हणाली, "त्या काळी पुस्तकात नव्हतं, आजी."

पुस्तकात नव्हतं, मान्य. म्हणून तर लिहायचं होतं. पुस्तकं आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी आधी काचेवर पाहतो आणि हसतील याची पर्वा न करता लिहितो. मला लोक हसले. मला त्याने काही झालं नाही.

मी बांध फोडला, मला पाच माणसांसमोर उभं केलं, मी उत्तर दिलं. बांबू माझे होते, पोरांना गूळ मी देत होते, त्याचंही उत्तर मी माझ्या मुलीला दिलं आहे, तिच्या चांगल्या कानाशी बसून. राहिला तो एकटा. तो हयात असेल तर त्याने, नसेल तर त्याची वही, त्याचं टेबल, त्याचं नाव ज्याच्याकडे आलं असेल त्याने, सायवनच्या त्या पोराच्या घरी जावं आणि उत्तर द्यावं. डॉक्टर, काचेवर हलत होतं ते तुम्ही पाहिलं होतं. मग लिहिलं का नाही?